कावळ्याच्या साक्षीनं उघडं राहिलेलं दार

भाऊ,

तुमच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स कुपवाडच्या नाक्यावर लागला, तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन तो नीट वाचला. फोटो तुमचाच, पण केस काळे असतानाचा. खाली ‘मेनफ्रेमचा राजा’. त्याखाली ऑफिसातल्या सगळ्यांची नावं, माझंसुद्धा, मला न विचारता. विचारायची गरज नसते ही शिकवण तुमच्याच हाताखाली मिळालेली असल्यामुळे मला नवल वाटलं नाही.

मग शोकसभा झाली. साहेब म्हणाले, “भाऊंनी आयुष्यात कधी कुणाला नाही म्हटलं नाही.” सगळ्यांनी माना हलवल्या. मी हलवली नाही. तुमच्याविरुद्ध माझी जी मुख्य तक्रार होती तीच साहेबांनी हार घालून मांडली होती, आणि तेवढं कळणारा सभेत एकही माणूस नव्हता. तुम्ही असतात तर तुम्हाला कळलं असतं. तुम्ही मिशीत हसला असतात आणि मला अजून राग आला असता.

सभेत तुमच्या कामाबद्दल कुणालाच धड सांगता आलं नाही, म्हणून ते मी इथं सांगते. मेनफ्रेम म्हणजे अवाढव्य संगणक. त्यावर एकाच वेळी हजारो प्रोग्राम चालतात. त्यांनी एकमेकांच्या मेमरीत हात घालू नये म्हणून दोन वर्ग केलेले असतात, साधे आणि अधिकृत. अधिकृत प्रोग्राम काहीही करू शकतो. दुसऱ्याचं काम मध्येच पाडू शकतो, कुणाचीही माहिती वाचू शकतो, यंत्राची स्वतःची मेमरीही खोडू शकतो. साध्याला यातलं काही जमत नाही, आणि जमू नये. पंचाईत एवढीच, की साध्यालाही कधीकधी यातलं एखादं काम खरोखर लागतं. स्वतःचंच अडकलेलं काम रद्द करायचं असतं, रांगेत पुढं सरकायचं असतं. तेव्हा काम करून द्यायचं, पण अधिकार द्यायचा नाही. पोस्टाच्या खिडकीसारखं. मागणी आत सरकवायची. आतल्यानं मागणारा कोण ते बघायचं, कागद तपासायचा, काम करायचं आणि उत्तर बाहेर द्यायचं. मागणारा शेवटपर्यंत खिडकीच्या बाहेर.

तुम्ही खिडकी बांधलीच नाही. तुम्ही दार ठेवलं. कुठल्याही साध्या प्रोग्रामनं तुमच्या त्या इवल्याशा रुटीनला, म्हणजे हाताशी ठेवलेल्या छोट्या प्रोग्रामला, हाक मारायची, सोबत चार अक्षरं द्यायची, की तो प्रोग्राम स्वतःच अधिकृत. आत जाऊन त्यानं काय करायचं ते त्याचं तो बघणार. आणि ती चार गुप्त अक्षरं कुठली? इंग्रजीत लिहिलेलं ‘भाऊ’. सातासमुद्रापलीकडच्या एका विमा कंपनीचं यंत्र आपण कुपवाडातून सांभाळतो. तिथल्या माणसांची आजारपणं, ऑपरेशनं, मृत्यूचे दाखले, सगळं त्या यंत्रात. आणि ‘भाऊ’ म्हटलं की सगळं उघडं. तुम्ही त्याला गुपित म्हणायचात. कॅन्टीनवाला सोडला तर ऑफिसात ते सगळ्यांना पाठ होतं.

“भाऊ, हे बंद करा,” मी म्हणायची.

“आवं ताई, आपलीच माणसं हायत की. चोर कुठनं येणार हितं?”

“चोर कशाला पाहिजे? चुकणारा पुरतो.”

“चुकला तर मी हाय की.”

हे ‘मी हाय की’ तुमचं सगळ्या गोष्टींना उत्तर होतं. भाऊ, आता तुम्ही नाही. दार आहे.

आणि चुकणारा आलाच होता. आपला संपत. विट्याचा. त्याचे सख्खे भाऊ सगळे परगावी सोनं गाळायच्या दुकानात, आणि हा एकटा कीबोर्डवर. त्याचं काम रांगेत मागं पडलं होतं, त्याला ते पुढं आणायचं होतं, एवढीच त्याची गरज. खिडकी असती तर तेवढंच मागितलं असतं आणि तेवढंच मिळालं असतं. त्यानं ‘भाऊ’ म्हटलं, अधिकृत झाला आणि भलत्याच जागी लिहून बसला. यंत्राच्या स्वतःच्या मेमरीत त्याचा कचरा सांडला आणि भर कामाच्या वेळेला यंत्र आडवं झालं. तिकडच्या दवाखान्यांत माणसं काउंटरवर ताटकळत उभी, आणि इकडे संपत पाण्याची बाटली हातात धरून नुसता घाम पुसतोय.

त्या दिवशी तुम्ही जे केलंत ते मी कधी विसरणार नाही, दोन्ही अर्थांनी. यंत्र कोसळताना आपल्या मेमरीची नक्कल सोडून जातं. पानंच्या पानं नुसते आकडे. आम्ही सगळे त्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघत होतो. तुम्ही चष्मा कपाळावर चढवला, पडद्याला नाक लावलं, आणि चहा निवायच्या आत बोट ठेवलंत. “हितं बघा. हा आकडा हितला न्हवं. पावना हाय.” माझ्या नोकरीत मी इतकं देखणं काम दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. हे सांगितलं नाही तर मी खोटी ठरेन, म्हणून सांगितलं.

मग तुम्ही अहवाल लिहायला बसलात. कारण म्हणून लिहिलंत, ‘तात्पुरता बिघाड’. संपतच्या पाठीवर थाप मारलीत, “हुतंय रं गड्या,” म्हणालात आणि दार होतं तसंच ठेवलंत. यंत्र परत चालू करायला जेवढी अक्कल लागली तिच्या चिमूटभर हिश्शात दार बंद झालं असतं.

शेवटी खिडकीचा आराखडा मीच केला. प्रत्येक कामाला वेगळी खिडकी. कोण मागतो ते यंत्राला विचारायचं, मागणाऱ्याच्या तोंडी सांगण्यावर विश्वास नाही. काम झालं की अधिकाराचा कणही बाहेर जाता कामा नये. छापून तुमच्या टेबलावर ठेवला. तुम्ही भडंग खात होतात. तेलकट बोट कागदावर ठेवून म्हणालात, “ताई, हितं लुटतील तुमाला.”

“कुठं?”

“तुमी त्याचा कागद तपासला. बरुबर हाय म्हनला. मान वर केली. आन् काम करायच्या टायमाला परत त्याचाच कागद बघितला. मधल्या वक्ताला त्यानं आकडा बदलला तर?”

बरोबर होतं. आधी कागदाची आपली प्रत आत घ्यायची, मग ती प्रत तपासायची, आणि काम त्या प्रतीवरूनच करायचं. मागणाऱ्याच्या हातातल्या कागदाकडे पुन्हा बघायचंच नाही. माझ्या आराखड्यातलं भोक तुम्ही भडंगाच्या दोन घासांमध्ये शोधलंत. मी ते बुजवलं, आराखडा पुन्हा ठेवला. तुम्ही त्यावर सही केली नाही. “बघू की,” म्हणालात. पुढची तीन वर्षं तुम्ही ‘बघू की’ म्हणत होतात.

अडाण्याची मला कधी चीड येत नाही. त्याला शिकवता येतं. मला तुमची चीड यायची. धोका कुठं आहे ते तुम्हाला माझ्याआधी दिसायचं. दुसऱ्याच्या खिडकीत सुईएवढं भोक शोधणारा माणूस स्वतःचं दार सताड उघडं टाकून भडंग खात बसतो, त्याला मोठ्या मनाचा कसा म्हणायचं? मी तुम्हाला आळशी म्हणायची, तोंडावर. पण खरं कारण आळस नव्हतं. यंत्राच्या पोटात दिवसभर कोणीतरी तुमचं नाव घेत होतं. खिडक्या झाल्या असत्या तर कामं झाली असती, पण नाव गेलं असतं. फ्लेक्सवर तुम्हाला राजा म्हणायचं ठरलं ते संपतच्या डोक्यातून आलं असेल, पण मूळ कल्पना तुमचीच.

आता तुम्हाला माहीत नसलेलं सांगते.

तुमच्या दहाव्याला आम्ही साताऱ्याला आलो. माहुलीचा घाट, नदीला बरंच पाणी. पिंड ठेवला आणि सगळे मागं सरकले. कावळे होते. पलीकडच्या झाडावर होते, देवळाच्या कठड्यावर होते. पण एकही खाली येईना. मग सुरू झालं. तुमचा मुलगा पुढं होऊन म्हणाला, “आईला कधी अंतर देणार नाही.” कावळे जागचे हलले नाहीत. तुमचे धाकटे बंधू म्हणाले, “दादा, बांधाचा तंटा मिटवतो.” एका कावळ्यानं मान तिरकी केली, तेवढीच. कुणीतरी म्हणालं, पुरणपोळी राहिली. दुसरा म्हणाला, पुरणपोळी न्हाई, तंबाखू ठेवा. तंबाखू ठेवली. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले, त्यांना पुढच्या पिंडाकडे जायचं होतं.

तेव्हा संपत पुढं झाला. चप्पल काढली, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, “भाऊ, तुमचं ते दार आमी कवाच बंद करणार न्हाई. मशीन हाय तवर दार चालू ठिवू. आता तरी शिवा.”

आणि कठड्यावरचा एक कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. संपतनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा मंजुरी मिळालेल्या माणसाचा होता. मी त्या कावळ्याकडे बघत होते. त्यानं अगदी तुमच्या रुटीनसारखंच केलं होतं. बोलणारा कोण, त्याला बोलायचा हक्क काय, मागतोय काय, काही न बघता ‘भाऊ’ ऐकलं आणि आला.

मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण सोमवारी ऑफिसात मी दार बंद करायचं पत्रक काढलं आणि संपत टेबलाशी आला.

“ताई, ते न्हाई जमायचं.”

“का?”

“वचन दिलंय. कावळा शिवलाय. सगळ्यांनी बघितलंय.”

“संपत, त्या दारातून तूच एकदा यंत्र पाडलंयस.”

“व्हय. म्हणून तर. भाऊंनी मला त्यात बी सांभाळून घेतलं.”

मी साहेबांकडे गेले. साहेब इंजिनिअर आहेत, परदेशी जाऊन आलेले आहेत. खुर्ची पुढं ओढून, आवाज खाली आणून म्हणाले, “मॅडम, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण भावनेचा प्रश्न आहे. आपण असं करू, वर्षश्राद्धापर्यंत थांबू.”

भाऊ, इतकी वर्षं मी या क्षेत्रात आहे. सुरक्षेचं काम पैशांपायी अडलेलं पाहिलं, सुट्ट्यांपायी अडलेलं पाहिलं. श्राद्धापायी अडलेलं पहिल्यांदा पाहिलं.

आणि मला थांबणं शक्य नव्हतं. विमा कंपनीला दरवर्षी आपल्याकडून लेखी द्यावं लागतं, की यंत्रावरचा कुठलाही साधा प्रोग्राम स्वतःला अधिकृत करून घेऊ शकत नाही. ती सही तुम्ही करायचात, बिनदिक्कत. तुमच्यानंतर ती माझ्याकडे आली आहे, दिवाळीच्या आत करायची. म्हणजे एक तर दार बंद करायचं, नाहीतर तुमच्यासारखं खोटं लिहायचं. तुम्हाला ते लिहून झोप लागायची. मला लागत नाही. हा माझा मोठेपणा नाही, प्रकृती आहे.

म्हणून मी साताऱ्याला वहिनींकडे गेले. संपतचं वचन कुणी मोडू शकत असेल तर त्याच, असा हिशेब केला. वहिनी भाजी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. दार, खिडकी, वचन, कावळा. त्या शेंगा मोडता मोडता ऐकत होत्या.

“म्हणजे बघा,” त्या म्हणाल्या, “कुणी वाटीभर साखर मागितली, तर ह्यांनी त्याला अख्ख्या घराची किल्ली दिली.”

“होय.”

“घरात पण तसंच होतं हो. शेजाऱ्यानं पाना मागितला, तर हे मोटरसायकलच देऊन यायचे. वर म्हणायचे, माणूस खूश झाला बघ. आणि मी बाजारातून पिशव्या घेऊन चालत.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली.

“तुम्ही मला कशाला विचारताय?”

“वचन दिलंय म्हणून.”

“कुणी? संपतनं? तो कोण आमचा? दहाव्याला घरच्यांनी बोलायचं असतं. त्याला मध्ये बोलायला कुणी सांगितलं होतं?” मग म्हणाल्या, “आणि कावळा तंबाखूला आला असेल. ह्यांच्यासारखाच.”

चहा घेतला. निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “मोडून टाका. पण त्या संपतला काही बोलू नका. तो लय रडला.” ‘लय’ त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. एरवी त्या वाईच्या माहेरची शुद्ध भाषा जपून बोलतात. तो शब्द तुमचा होता.

रविवारी सकाळी मी काम केलं. कुठल्या प्रोग्रामला दारातून काय लागतं याची यादी माझ्याकडे होतीच, तुम्ही तिला ‘बाईंची वाण्याची यादी’ म्हणायचात. प्रत्येकाला त्याची खिडकी नेमून दिली. मग तुमचं रुटीन काढलं. काही कोसळलं नाही. आकाशवाणी झाली नाही. साहेबांना सोमवारी कळवलं. त्यांनी ‘ओके’ लिहिलं आणि खाली हात जोडलेलं चित्र टाकलं. तुमच्यासाठी की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही.

संपतला मी स्वतः सांगितलं, बाजूला घेऊन. त्याचे प्रोग्राम दोन दिवस खिडकीवरून चालले होते आणि त्याला पत्ता नव्हता.

“मग आता भाऊंचं काय राह्यलं, ताई?”

मला त्याला झापायचं होतं. ओठांवर उत्तर तयार होतं. वहिनींनी सांगितलं होतं म्हणून गप्प बसले.

आता माझं एकच काम राहिलंय, आणि ते होत नाहीये. ते तुम्हाला सांगायला हे लिहितेय. बाकी सगळं कुणालाही सांगता आलं असतं.

तुमचा शेवटचा फोन साताऱ्याहून आला होता. आवाज बसला होता, पण खोडी तीच. म्हणालात, “ताई, तुमची खिडकी एकदाची करा. पह्यल्या दिवशी फोडून दावतो.”

मी म्हटलं, “फोडून दाखवा. आधी सही करा.”

“आदी फोडतो, मग सही.”

मी फोन ठेवला. चिडून ठेवला. भाऊ, तेव्हा मला वाटलं तुम्ही पुन्हा टाळताय. आता कळतं की तीन वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही मुद्द्याचं बोलला होतात. नुसत्या बघण्यानं खिडकी पक्की आहे असं म्हणता येत नाही. तिच्यावर कुणीतरी चोर होऊन उभं राहावं लागतं. मेमरीतला खोटा पत्ता द्यावा लागतो, दुसऱ्याचं नाव सांगावं लागतं, तपासणी चालू असताना कागद बदलावा लागतो. तेवढा लबाड आणि तेवढा हुशार माणूस आपल्याकडे एकच होता, आणि तो आपल्या बाजूचा होता.

ऑफिसात मी विचारून पाहिलं. कुणी म्हणालं, “तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार.” ज्या आंधळ्या विश्वासावर तुमचं दार चाललं त्यावरच आता माझी खिडकी चालणार, आणि हे त्यांना कौतुक वाटतं.

मग मीच चोर होऊन बसले. गेले काही दिवस दुपारी जेवण झालं की खोटे प्रोग्राम लिहिते. चुकीचे पत्ते दिले, खिडकीनं परत केले. दुसऱ्याचं नाव लावलं, ओळखलं. तुम्ही सांगितलेली कागद बदलायची युक्तीही केली, तीही फसली. मला सुचलेल्या सगळ्या लबाड्या संपल्या. सहीचा कागद समोर आहे. उद्या सही करीन, आणि या वेळी माझ्या माहितीप्रमाणे ती खरी असेल.

तुम्हाला सुचली असती ती एक लबाडी मात्र करून बघायची राहिली. ती कुठली, ते मला माहीत नाही.